कॉप्टिक वस्त्रसंग्रहांतील सुती कापड : उगमाचा प्रश्न

१

लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियम, पॅरिसचे लूव्र, लिओंचे वस्त्रसंग्रहालय आणि ह्यांसारखी युरोप-अमेरिकेतील इतर अनेक वस्तुसंग्रहालये ह्यांत ‘कॉप्टिक वस्त्रे’ ह्या नावाखाली जुन्या कापडाचे हजारो तुकडे जतन करून ठेवलेले आहेत. ईजिप्तच्या वाळूतील दफनभूमींतून ते मिळाले असून सर्वसाधारणपणे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापासून अरब विजयानंतरच्या काही शतकांपर्यंतचा काळ त्यांना नेमून दिला जातो. ह्या प्रचंड संभारात लिनन म्हणजे जवसाच्या तंतूंचे कापड आणि लोकर ह्यांचेच प्राबल्य आहे. सुती कापड अगदी थोडे आढळते. परंतु हे थोडे सुती तुकडेच अभ्यासकांना दीर्घकाळ अडचणीत टाकीत आले आहेत. ते कोठे पिकलेल्या कापसाचे, कोणी कातलेले आणि कोणी विणलेले, हा तो प्रश्न होय.

ह्या प्रश्नाचे एक उत्तर फार दिवस तयार होते. कापूस ही भारताची देणगी. ईजिप्तचे परंपरागत वस्त्र लिनन. यास्तव ईजिप्तमध्ये सापडलेले प्राचीन सुती कापड भारतातून गेलेले असले पाहिजे, असे ते उत्तर. भारतीय अभ्यासकाला ते सुखावणारे आहे. आणि म्हणूनच त्याने ते अधिक काटेकोरपणे तपासले पाहिजे. गेल्या शंभर वर्षांत जमा झालेल्या पुराव्यावरून असे दिसते की, ह्या उत्तरात सत्याचा अंश असला, तरी तो एका ठरावीक मार्गापुरता आणि ठरावीक प्रकारच्या कापडापुरता मर्यादित आहे. ईजिप्तच्या दक्षिणेस व पश्चिमेस त्याच काळात कापूस पिकत होता, कातला जात होता व विणला जात होता.

२

‘कॉप्ट’ हा शब्द ग्रीक ‘आयगिप्तोस’ ह्याच्या अरबी रूपावरून आलेला असून त्याचा मूळ अर्थ ‘ईजिप्तचा रहिवासी’ एवढाच आहे. पुढे तो तेथील ख्रिस्ती समाजाला लावला जाऊ लागला. वस्तुसंग्रहालयांनी मात्र तो एका कालखंडाचे नाव म्हणून वापरला. ‘कॉप्टिक’ म्हणून नोंदलेल्या कित्येक वस्त्रांवर क्रूस नसून डायोनिसस, जलदेवता, शिकारी किंवा द्राक्षवेली आहेत. तेव्हा ह्या संज्ञेवरून विणणाऱ्याचा किंवा वापरणाऱ्याचा धर्म ठरविता येत नाही.

ही वस्त्रे टिकली त्याचे कारण दफनाच्या बदललेल्या रीतीत आहे. रोमन अमदानीत शवाला मसाले भरून ठेवण्याची जुनी पद्धत हळूहळू मागे पडली आणि मृताला त्याच्या नेहमीच्या कपड्यांत, पुष्कळदा एकावर एक अनेक वस्त्रे गुंडाळून, पुरू लागले. दफनभूमी नाईलच्या पुराबाहेर, वाळवंटाच्या कडेला असत. पाणी नाही, ओल नाही. त्यामुळे पंधराशे वर्षांनंतरही कापडाचे रंग ओळखू येतात.

ती उजेडात आली ती बहुतांशी १८८० नंतर. अख्मीम येथील विस्तीर्ण दफनभूमीचा शोध गास्तों मास्पेरो ह्यांच्या कारकिर्दीत लागला. थिओडोर ग्राफ ह्या व्यापाऱ्याने जमविलेला संग्रह विएन्नास गेला. आणि १८९६ पासून आल्बेर गाये ह्यांनी अँतिनोए येथे अनेक वर्षे उत्खनन केले. ए. एफ. केन्ड्रिक ह्यांनी १९२० ते १९२२ ह्या काळात व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियममधील अशा वस्त्रांची तीन खंडांत सूची प्रसिद्ध केली. ती आजही उपयुक्त मानली जाते.

परंतु ह्या संग्रहांच्या जन्मातच एक वैगुण्य राहून गेले. विक्रेत्यांना व संग्राहकांना हवी होती नक्षी. त्यांनी अंगरख्यावरील लोकरी वर्तुळे, चौकटी व पट्टे कातरून घेतले आणि बिननक्षीचे साधे कापड टाकून दिले. एकाच वस्त्राचे तुकडे दोन-तीन देशांतील संग्रहांत विखुरले गेले. कोणता तुकडा कोणत्या थडग्यातून आला, त्याच्यासोबत आणखी काय होते, ह्याची नोंद क्वचितच राहिली. सुती कापडाच्या दृष्टीने ही हानी विशेष मोठी आहे. कारण सुती कापड बहुधा साध्या, बिननक्षीच्या भागातच असावयाचे.

३

तंतूची ओळख हा ह्या अभ्यासाचा पहिला टप्पा होय. जुन्या नोंदवह्यांतील ‘लिनन’ किंवा ‘सुती’ हे शेरे बहुधा नुसत्या नजरेने किंवा हाताच्या स्पर्शाने दिलेले असत. धुऊन धुऊन मऊ झालेले लिनन सुती वाटते आणि मळकट, कडक झालेले सुती कापड लिननसारखे भासते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र संशय उरत नाही. कापसाचा तंतू पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो. जवसाचा तंतू सरळ, नळीसारखा व मधूनमधून पेरे असलेला दिसतो. अशा तपासणीचे एक जुने व महत्त्वाचे उदाहरण मुंबईचे आहे. मोहेंजोदारो येथे चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेले कापडाचे अवशेष माटुंग्याच्या टेक्नॉलॉजिकल लॅबोरेटरीत टर्नर व गुलाटी ह्यांनी तपासले आणि ते कापसाचे असल्याचे १९२८ साली प्रसिद्ध केले. सिंधू संस्कृतीला कापूस परिचित होता, हे त्यामुळे निर्विवाद झाले.

दुसरा टप्पा पिळाचा. सूत कातताना चाती ज्या दिशेने फिरवावी त्या दिशेने धाग्याला पीळ बसतो. धागा उभा धरला असता पिळाच्या रेघा रोमन लिपीतील ‘एस’ ह्या अक्षराच्या मध्यभागाप्रमाणे तिरप्या दिसतात किंवा ‘झेड’च्या मध्यभागाप्रमाणे, म्हणून ‘एस-पीळ’ व ‘झेड-पीळ’ अशा संज्ञा रूढ झाल्या आहेत. ईजिप्तमध्ये फार प्राचीन काळापासून एस-पिळाची परंपरा आहे, आणि ओल्या जवसाच्या तंतूचा स्वाभाविक कलही त्याच दिशेला असतो. भारतीय सुताची परंपरा झेड-पिळाची. कातणाऱ्याचा हात लहानपणी जसा वळतो तसाच तो आयुष्यभर चालतो. त्यामुळे पीळ ही एखाद्या प्रदेशाची जणू हस्ताक्षरासारखी खूण ठरते. रंग उडतो, नक्षीची नक्कल होते. पीळ मात्र धाग्याबरोबर राहतो.

ही खूण निर्णायक मानण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. सीरिया व मेसोपोटेमिया येथेही झेड-पीळ आढळतो. तेव्हा झेड-पीळ म्हणजे भारत, असे समीकरण मांडता येत नाही. एखादा सुती तुकडा एस-पिळाचा असेल, तर तो भारतीय असण्याची शक्यता फार कमी, एवढे मात्र बऱ्याच विश्वासाने म्हणता येते.

४

वाङ्मयीन पुराव्याकडे वळले असता प्रारंभी भारताचेच नाव ठळकपणे पुढे येते. इ. स. पू. पाचव्या शतकातील हिरोडोटसने भारतात झाडांना लोकर येते व तिची वस्त्रे तेथील लोक वापरतात असे लिहिले आहे. परंतु त्यानेच ईजिप्तचा राजा अमासिस ह्याने पाठविलेल्या एका चिलखती अंगरख्याचे वर्णन करताना त्यावर सोन्याच्या व झाडाच्या लोकरीच्या धाग्यांचे काम होते असे म्हटले आहे. म्हणजे सहाव्या शतकातील ईजिप्तला कापूस माहीत होता; मात्र तो राजाने नजराणा म्हणून पाठवावा इतका दुर्मीळ होता. थिओफ्रास्टसने इराणी आखातातील तिलोस बेटावर, म्हणजे आजच्या बहरीनमध्ये, लोकर देणारी झाडे असल्याचे सांगितले आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनीने अरबस्तानच्या बाजूच्या वरच्या ईजिप्तमध्ये अशा झुडपाची लागवड होते असे नमूद केले, आणि दुसऱ्या शतकात पोलक्स ह्या कोशकाराने ईजिप्तमधील झाडाच्या लोकरीचा उल्लेख केला. चौथ्या शतकात अक्सूमचा राजा एझाना ह्याने नोबा लोकांवरील स्वारीचा जो शिलालेख कोरविला त्यात शत्रूच्या धान्याची व कापसाची कोठारे नष्ट केल्याची नोंद आहे. नाईलच्या वरच्या खोऱ्यात त्या काळी कापूस साठवून ठेवण्याइतका पिकत होता, ह्याची ही शत्रूनेच दिलेली साक्ष होय.

हे उल्लेख विद्वानांना ठाऊक होते; तथापि प्रत्यक्ष कापडाशी त्यांची सांगड घातली गेली ती न्यूबियात. १९०७ ते १९१० ह्या काळात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मोहिमेत वुली व रँडल-मॅकायव्हर ह्यांनी कारानोग येथील दफनभूमीचे उत्खनन केले. तेथील वस्त्रे तपासून ग्रिफिथ व ग्रेस क्रोफुट ह्यांनी १९३४ साली नाईलच्या खोऱ्यातील कापसाच्या प्राचीन वापरावर एक निबंध प्रसिद्ध केला. ही वस्त्रे सुती आहेत, एवढेच नव्हे तर न्यूबियात कापसाचे विणकाम चांगले रुजलेले होते, हे त्यातून पुढे आले. कॉप्टिक संग्रहांतील सुती तुकड्यांकडे पाहण्याची दिशा तेथून बदलली.

पुढे आस्वानच्या धरणामुळे न्यूबिया पाण्याखाली जाणार हे निश्चित झाल्यावर ईजिप्त एक्स्प्लोरेशन सोसायटीने १९६३ पासून कस्र इब्रीम येथे उत्खनन केले. उंच कड्यावर असल्यामुळे हे ठाणे पुरते बुडाले नाही, आणि तेथील कोरड्या थरांतून कापडाचे हजारो तुकडे क्रमवार मिळाले. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत तेथे सुती कापडाचे प्रमाण मोठे होते. पुढील काळात लोकर पुन्हा वाढली. हे सूत एस-पिळाचे आहे. पांढऱ्या जमिनीवर निळी नक्षी, किनारीला जाळीदार काम आणि गोंडे ही त्याची वैशिष्ट्ये होत. सुतावर निळीचा रंग तुरटीसारख्या रंगबंधकावाचून बसतो, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. तांबड्यासाठी मंजिष्ठ वापरावयाची तर रंगबंधक हवाच.

निर्णायक पुरावा मात्र बियांनी दिला. कस्र इब्रीम येथील सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीच्या कापसाच्या अवशेषांतील आनुवंशिक द्रव्याची तपासणी करण्यात आली आणि तो कापूस ‘गॉसिपियम हर्बेसियम’ ह्या जातीचा असल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झाले. भारताची प्राचीन जात ‘गॉसिपियम आर्बोरियम’; हर्बेसियमचे मूळ आफ्रिकेकडे जाते. न्यूबियाचा कापूस भारतातून आणलेल्या बियाण्याचा नव्हता. तेव्हा कापसाचे माणसाळणे एकदाच व एकाच ठिकाणी झाले, ही कल्पनाच सोडून द्यावी लागते.

५

न्यूबिया ही ईजिप्तच्या सीमेपलीकडील भूमी. परंतु कापसाचा दुसरा प्रदेश खुद्द ईजिप्तच्या हद्दीत होता. पश्चिम वाळवंटातील दाखला मरूद्यानात केलिस नावाचे एक गाव चौथ्या शतकाच्या अखेरीस ओस पडले आणि वाळूखाली गेले. १९८६ पासून तेथे झालेल्या उत्खननात घरे, कागदपत्रे व कापड एकत्रच हाती आले. १९८८ साली तेथे लाकडी फळ्यांची एक हिशेबवही सापडली. ती रॉजर बॅग्नॉल ह्यांनी १९९७ मध्ये संपादून प्रसिद्ध केली. कुळांकडून वसूल केलेल्या खंडाच्या ह्या हिशेबात धान्याबरोबर कापसाचीही नोंद आहे. ग्रीक भाषेत त्याला ‘झाडाची लोकर’ असाच शब्द योजलेला आहे. कापूस हा येथे नजराण्याचा माल नसून कुळाने मालकाला द्यावयाचे नेहमीचे पीक झाला होता.

मरूद्यानातच कापूस का पिकावा, ह्याचे कारण पाण्याच्या व्यवस्थेत सापडते. कापूस हे उन्हाळी पीक. ते शेतात उभे असते त्याच काळात, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, नाईलचा पूर खोऱ्यातील शेते बुडवून टाकीत असे. पूर ओसरल्यावर पेरावयाची गहू, जव व जवस ही पिके ह्या चक्रात बसत. कापूस बसत नसे. मरूद्यानात पूर नव्हता. झरे व विहिरी बाराही महिने चालत. नाईलच्या खोऱ्यात कापूस मोठ्या प्रमाणावर आला तो एकोणिसाव्या शतकात, मुहम्मद अली ह्याच्या अमदानीत उन्हाळी पाण्याचे कालवे झाल्यानंतर. आज ‘ईजिप्शियन कॉटन’ म्हणून जगभर जो प्रसिद्ध आहे तो लांब धाग्याचा कापूस ह्या नव्या काळाचा व अमेरिकन वंशाचा असून केलिसच्या कापसाशी त्याचा संबंध नाही.

केलिसचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. तेथील घरांतून चौथ्या शतकातील कॉप्टिक भाषेतील खाजगी पत्रे मोठ्या संख्येने मिळाली. ती लिहिणारी कुटुंबे मानी पंथाची होती. त्यांत सूत, रंग, विणकाम, शिवण आणि मजुरी ह्यांचे उल्लेख वारंवार येतात, आणि ह्या धंद्यात स्त्रियांचा वाटा किती होता हेही दिसते. संग्रहालयातील पाटीवर ‘कॉप्टिक’ हा शब्द केवळ कालदर्शक म्हणून येतो. येथे मात्र कापूस पिकविणारे गाव, कॉप्टिक बोलणारी माणसे आणि त्यांचा कापडाचा व्यवहार ही तिन्ही एकाच जागी उभी राहतात.

६

मग भारताचा वाटा कोणता? त्याचे उत्तर तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावरील दोन बंदरांनी दिले आहे. बेरेनिके येथे १९९४ पासून व मायोस होर्मोस येथेही झालेल्या उत्खननांत झेड-पिळाचे सुती कापड मुबलक मिळाले. बेरेनिकेच्या कापडाचा अभ्यास जॉन पीटर वाइल्ड व फेलिसिटी वाइल्ड ह्या दांपत्याने केला. निळीत बुडविण्यापूर्वी कापडाच्या काही भागावर लेप देऊन रंग अडवावयाचा व अशा रीतीने पांढरी नक्षी उठवावयाची, ह्या पद्धतीचे तुकडे त्यांत आहेत. शिवाय जहाजांच्या शिडांचे सुती तुकडेही मिळाले. त्यांवर मजबुतीसाठी शिवलेल्या पट्ट्या अद्याप दिसतात. त्याच बंदरात भारतीय मिरी, सागवान आणि भारतीय मातीची भांडी सापडल्यामुळे ह्या कापडाच्या उगमाविषयी निष्कर्ष केवळ पिळावर अवलंबून राहत नाही. एकाच दिशेकडे बोट दाखविणारे अनेक स्वतंत्र पुरावे एकत्र येतात.

हे कापड कोठून निघाले असेल, ह्याचा एक धागा महाराष्ट्रात येतो. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक ग्रंथाने भडोच बंदराच्या व्यापाराचे वर्णन करताना पैठण व तगर ह्या दोन बाजारपेठांचा निर्देश केला आहे. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर. तगरहून पुष्कळसे जाडेभरडे कापड व निरनिराळी सुती वस्त्रे गाड्यांतून, अवघड मार्गाने भडोचला येत, असे तो सांगतो. हे तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर होय, हे जे. एफ. फ्लीट ह्यांनी दाखवून दिले. सातवाहनकालीन दख्खनच्या विणकराचा माल तांबड्या समुद्रापर्यंत पोचत होता, एवढे ह्यावरून निश्चित होते. परंतु बेरेनिकेचा अमुक तुकडा तेरचा, असे म्हणण्यास आधार नाही. आणि तसे म्हणण्याची आवश्यकताही नाही.

बंदरातील हा माल खोऱ्यातील दफनभूमींपर्यंत कितपत पोचला, हा वेगळा प्रश्न आहे. बंदर म्हणजे खलाशी, व्यापारी व मालाची उतारपेठ. तेथील घाणीच्या ढिगात भारतीय कापड विपुल मिळाले, म्हणून अख्मीमच्या शेतकऱ्याने तेच नेसले असे होत नाही. खोऱ्यातील वस्त्रांत लिनन व लोकर ह्यांचे जे वर्चस्व दिसते, ते पाहता सुती कापड तेथे नेहमीच अल्पसंख्य राहिले.

७

एक गोंधळ मात्र वस्तुसंग्रहालयांनी स्वतःच निर्माण केला आहे. कैरोजवळील फुस्तात येथील ढिगांतून ठशांनी छापलेल्या सुती कापडाचे असंख्य तुकडे बाजारात आले आणि अनेक ठिकाणी ते कॉप्टिक वस्त्रांच्या शेजारी ठेवले गेले. आर. फिस्टर ह्यांनी १९३८ साली ह्या छापील कापडाचा संबंध गुजरातशी जोडला. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन म्यूझियममध्ये पर्सी न्यूबेरी ह्यांनी जमविलेले अशा कापडाचे बाराशेंहून अधिक तुकडे आहेत. रूथ बार्न्स ह्यांनी १९९७ साली त्यांची सूची प्रसिद्ध केली. कार्बन-१४ पद्धतीने केलेल्या कालनिर्णयात त्यांपैकी काही तुकडे पूर्वी समजले जात होते त्याहून जुने ठरले. तरीही हा व्यापार मुख्यतः मध्ययुगीन इस्लामी काळाचा आहे. फुस्तातच्या छापील कापडावरून चौथ्या-पाचव्या शतकातील कॉप्टिक सुती कापडाविषयी अनुमान काढणे म्हणजे काही शतकांचे अंतर पुसून टाकणे होय.

खुद्द कॉप्टिक वस्त्रांचा कालक्रमही दीर्घकाळ नक्षीच्या शैलीवरूनच ठरविला जात असे. कार्बन-१४ च्या मोजणीने त्यांतील कित्येक तारखा शतका-दोन शतकांनी सरकल्या. शैली ही उत्क्रांत होत जाते असे गृहीत धरून ‘सुबक ते जुने, ओबडधोबड ते नंतरचे’ असा जो क्रम लावला गेला होता, तो टिकला नाही.

८

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. कॉप्टिक संग्रहातील सुती तुकड्याचा उगम तंतूवरून ठरत नाही. कारण कापूस भारतात होता तसाच न्यूबियात व मरूद्यानांतही होता. तो केवळ पिळावरूनही ठरत नाही. कारण पीळ शक्यता सुचवितो, निर्णय देत नाही. नक्षीवरून तर तो मुळीच ठरत नाही. तंतू, पीळ, विणीची घट्टता, रंग, सापडण्याची जागा आणि कालनिर्णय ही सर्व एकत्र जुळली, तरच उगमाविषयी विधान करावे. आणि ज्या तुकड्याची जागाच नोंदलेली नाही, त्याच्या पाटीवर ‘उगम अनिश्चित’ असे लिहिणे हेच प्रामाणिकपणाचे होय.

ह्या दृष्टीने पाहता भारताचे श्रेय कमी होत नाही. ते नेमके होते. प्रत्येक सुती चिंधीवर हक्क सांगणारे विधान एका उलट उदाहरणाने कोसळते. बेरेनिकेच्या शिडावर व निळ्या कापडावर आधारलेले विधान तसे कोसळणार नाही. कारण त्याच्यामागे बंदर, जहाज, मिरी व सागवान उभे आहेत. दुसरीकडे न्यूबियाच्या व दाखला मरूद्यानाच्या ज्या विणकरांचे काम एवढी वर्षे परक्या नावावर जमा होत होते, त्यांनाही त्यांचे देणे परत मिळते. केलिसच्या कुळाने खंडापोटी मोजून दिलेला कापूस त्याच्या स्वतःच्या शेतातला होता, ही साधी गोष्ट मान्य होण्यास चौथ्या शतकातील ती हिशेबवही सापडावी लागली.

एक खंत मात्र उरते. व्यापाऱ्यांनी नक्षी कातरून घेताना जे साधे कापड फेकून दिले, त्यातच ह्या प्रश्नाची पुष्कळ उत्तरे होती. यास्तव आजच्या उत्खनकाने, मग तो नाईलकाठी असो वा गोदेकाठी, चिंधीला भांड्याइतकेच व नाण्याइतकेच मोल द्यावे, हा ह्या संग्रहांच्या इतिहासापासून घ्यावयाचा धडा होय.